आधी कागद, मग कॅमेरा : तालुक्यातून व्हिडिओ पत्रकारिता सुरू करताना

कोरडा नळ दाखवायला मोबाईल पुरतो. तो कोरडा का राहिला, योजनेचं बिल कुणाला मिळालं, काम पूर्ण झाल्याचा दाखला कुणाच्या सहीनं निघाला, हे कितीही चांगल्या कॅमेऱ्यात दिसत नाही. ते कागदात असतं. गेली काही वर्षं मी एका तालुक्यातून यूट्यूबवर बातम्या करतो आहे. नव्यानं सुरू करू पाहणारी मुलंमुली भेटायला येतात, तेव्हा पहिला प्रश्न जवळपास नेहमी हाच असतो : कॅमेरा कोणता घेऊ? हा लेख त्यांच्यासाठी आहे. कॅमेऱ्याचं सांगेनच, पण ते चौथ्या पायरीवर.

उदाहरण एकच धरू. शेजारच्या गावात जल जीवन मिशनची नळयोजना झाली आहे आणि लोक सांगतात, पाणी येत नाही. ही बातमी कशी करायची?

पायरी १ : आपला मुलूख ठरवा

एक तालुका आणि दोन-तीन विषय एवढंच घ्या. पाणी आणि शाळा, किंवा रेशन आणि रोजगार हमी. मंत्रालयात काय शिजतंय यावर घरबसल्या बोलणारे चॅनेल शेकड्यांनी आहेत. तुमच्या पंचायत समितीच्या मासिक सभेचं इतिवृत्त वाचणारं बहुधा कुणीच नाही. ती जागा रिकामी आहे आणि तिथे तुमची गरज आहे.

उत्तर प्रदेशातल्या चित्रकूटमध्ये २००२ साली ग्रामीण महिलांनी ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतलं वर्तमानपत्र सुरू केलं. पुढे त्या हातात मोबाईल घेऊन व्हिडिओ बातम्या करू लागल्या. त्यांची ताकद कशात होती? ज्या गावात बातमी, तिथलीच भाषा, आणि दलित वस्तीपासून सुरुवात. तुमच्या मुलखात अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा गोरमाटी बोलली जात असेल, तर लोकांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या आणि खाली प्रमाण मराठीत ओळी द्या. कॅमेरा समोर आला की माणूस ‘पुस्तकातलं’ मराठी बोलायला धडपडतो आणि सांगायचं तेच विसरतो.

पायरी २ : कागद जमवा

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालं. ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळानं मिळावं, हे त्याचं माप. मिशनच्या संकेतस्थळावर गाव शोधा. किती घरांना जोडणी दिल्याची नोंद आहे, गाव ‘हर घर जल’ जाहीर झालं का, ते प्रमाणित झालं का, हे तिथे दिसतं. प्रमाणित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो आणि त्या ग्रामसभेचा व्हिडिओही चढवावा लागतो. तो व्हिडिओ मिळाला तर सावकाश पाहा आणि माणसं मोजा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल ती. मात्र तहकूब करून पुन्हा घेतलेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणून ‘वीसच माणसं होती’ असं म्हणण्याआधी ती सभा मूळ होती की तहकूब, हे इतिवृत्तात तपासा. एवढ्या एका तपशिलावरून समोरचा तुमची सगळी बातमी खोटी ठरवू शकतो.

मग माहिती अधिकार. अर्ज जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे करा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय मांडायचा आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा. ‘पाणी का येत नाही?’ असं विचारलंत तर उत्तर येईल की हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून थेट कागदांची नावं लिहा : अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या प्रती, आतापर्यंत अदा केलेली देयकं, काम पूर्णत्वाचा दाखला. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा. कागद शोधत नाहीत असं दिसलं, तर ‘मला अभिलेख पाहायचे आहेत’ असा अर्ज द्या. समोर बसून नोंदी पाहण्याचा आणि प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचाही हक्क कायद्यानं दिलेला आहे, आणि हा हक्क फार कमी जण वापरतात.

या सगळ्या कागदांत मोजमाप पुस्तक मला सर्वांत मोलाचं वाटतं. साहेब लोक त्याला ‘एमबी’ म्हणतात. पाइप किती व्यासाचा, किती लांब, किती खोल पुरला, हे त्यात लिहिलेलं असतं. एमबीत लिहिलं असेल की पाइप मीटरभर खोल आहे, आणि शेतकरी नांगराला लागलेला पाइप दाखवत असेल, तर तो कागद आणि ते दृश्य शेजारी शेजारी ठेवा. मग तुम्हाला ओरडून काही सांगावं लागत नाही.

पायरी ३ : मोजा

‘पाणी पुरत नाही’ हे मत झालं. त्याचा आकडा काढायला एक बादली आणि घड्याळ लागतं. १५ लिटरची बादली नळाखाली ठेवा आणि भरायला लागणारा वेळ न कापता चित्रित करा. समजा ३ मिनिटं लागली, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पाणी ४० मिनिटं चालतं, म्हणजे २०० लिटर. ते तीन दिवसांतून एकदा येतं आणि घरात पाच माणसं आहेत. माणशी रोजचे झाले साधारण १३ लिटर. सरकारचं माप ५५, मिळतात १३.

हे एकाच घरी करू नका. टाकीजवळचं एक घर, गावाच्या मधलं एक, आणि सर्वांत शेवटचं एक, म्हणजे बहुतेक वेळा वाडी, तांडा किंवा वस्तीवरचं. तीन घरांचे तीन आकडे आले की योजनेत खरा गोंधळ कुठे आहे ते उलगडू लागतं. नळाला टिल्लू मोटर लावून पाणी ओढणारी घरं किती, तेही बघा. एकदा असं झालं की मी सरळ कंत्राटदाराकडे बोट दाखवणार होतो, स्क्रिप्ट लिहून तयार होती. जाता जाता पंपघरापाशी थांबलो तर कळलं की बिल थकल्यानं विजेची जोडणीच तोडली होती. पाइप नीट होता, टाकीही नीट होती. तो व्हिडिओ तसाच गेला असता तर एका माणसावर मी खोटा आरोप केला असता आणि खरं कारण झाकलं असतं. तेव्हापासून उगमापासून नळापर्यंत पूर्ण वाट पायी चालल्याशिवाय मी पाण्याची बातमी करत नाही : विहीर, पंप, चढणीची लाइन, टाकी, वितरणाची लाइन, नळ.

पायरी ४ : साहित्य

तुमच्याकडे आहे तो मोबाईल चालेल. पहिले पैसे माईकवर घाला. तारेचा साधा कॉलर माईक हजार रुपयांच्या आत मिळतो आणि चित्र थोडं कमी असलं तरी आवाज स्वच्छ असेल तर लोक शेवटपर्यंत पाहतात. माळरानावर वाऱ्यानं आवाज फाटतो, त्यासाठी माईकवर फोमची किंवा केसाळ टोपी हवीच. मग एक ट्रायपॉड, एक पॉवरबँक, आणि फाइल साठवायला दुसरी डिस्क.

मोबाईलच्या चार सवयी लावून घ्या. चित्रण सुरू करताना फ्लाइट मोड लावा, नाहीतर ऐन मुलाखतीत फोन येतो आणि रेकॉर्डिंग तुटतं. लेन्स पुसा, कारण खिशातल्या फोनची लेन्स नेहमी तेलकट असते. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर सेटिंगमध्ये सेकंदाला २५ फ्रेम निवडा. मुख्य बातमी आडवी काढा, यूट्यूबच्या ‘शॉर्ट्स’साठीचे शॉट उभे वेगळे घ्या.

पायरी ५ : गावात

आधी बसा, चहा घ्या, ऐका. फोन खिशातच राहू द्या. घरातल्या पुरुषानं ‘आमच्याकडे पाणी येतंय थोडंफार’ म्हटलं तरी पाणी भरणाऱ्या बाईला विचारल्याशिवाय उठू नका. ‘मावशी, किती वाजता उठता पाण्याला?’ या प्रश्नाला जे उत्तर येतं ते ‘तुमची समस्या काय आहे?’ या प्रश्नाला कधीच येत नाही. तुम्ही कोण आहात, कशासाठी विचारताय आणि हे गावात सगळे पाहणार आहेत, हे स्पष्ट सांगा आणि होकार कॅमेऱ्यावर घ्या.

प्रत्येक शॉट दहा सेकंद न हलवता धरा. रिकामे हंडे, रांग, नळाची गंजलेली तोटी, टाकीवर रंगवलेलं योजनेचं नाव, कामाचा फलक, भरणाऱ्या हातांचे जवळचे शॉट. संपादनाला बसल्यावर बाइटवर बाइट, म्हणजे नुसते बोलण्याचे तुकडे, लावायची वेळ येते ती हे शॉट नसले की. मुलाखत संपल्यावर अर्धा मिनिट कुणी न बोलता तिथली शांतता रेकॉर्ड करा. आवाजाचे सांधे झाकायला ती लागते.

आता एक गोष्ट, जी मला आजही टोचते. सुरुवातीच्या काळात रेशनच्या बातमीत मी एका आजींचा चेहरा, दार, अंगण सगळं दाखवलं. त्या धिटाईनं बोलल्या होत्या आणि मला त्याचं कौतुक वाटलं होतं. पुढचे दोन महिने त्यांचं धान्य काही ना काही कारणानं अडत राहिलं. त्यांनी मला एकदाही फोन केला नाही, शेजारणीकडून मला कळलं. मी तहसीलमध्ये जाऊन ते सोडवून घेतलं, पण त्या दोन महिन्यांत त्या उसनं आणून जेवल्या. तेव्हापासून बोलणाऱ्याचं पोट ज्याच्या हातात आहे त्याच्याविरुद्ध तो बोलत असेल, तर मी स्वतः थांबून विचारतो : ‘उद्या त्यांनी त्रास दिला तर?’ उत्तर डळमळलं तर चेहरा नाही, आवाज बदललेला, फक्त हात. चेहरा धूसर केला म्हणजे झालं असं समजू नका. गावातली माणसं बांगड्यांवरून, दारावरच्या तोरणावरून, खोकण्यावरूनसुद्धा ओळखतात.

पायरी ६ : दुसरी बाजू

ग्रामसेवकाला (आता त्यांचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी आहे) ‘भाऊसाहेब, या विषयावर तुमचं म्हणणं हवंय’ असा फोन करा आणि मग तेच प्रश्न लेखी पाठवा. व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर दोन्हीकडे, उत्तराची मुदत देऊन. सरपंच, शाखा अभियंता, कंत्राटदार, ज्याच्याविषयी काही म्हणणार आहात त्या प्रत्येकाला. उत्तर आलं तर ते नीट, अर्थ न बदलता दाखवा. आलं नाही तर ‘अमुक तारखेला प्रश्न पाठवले, अमुक वेळेपर्यंत उत्तर आलेलं नाही’ एवढंच सांगा. ‘उत्तर द्यायला घाबरले’ असं म्हणू नका, ते तुम्हाला माहीत नाही.

अशा नोंदीचं मोल मिर्झापूरच्या प्रकरणात दिसतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पत्रकार पवन जयस्वाल यांनी उत्तर प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात शाळेतल्या मुलांना पोषण आहारात पोळीसोबत नुसतं मीठ दिलं जात असल्याचा व्हिडिओ काढला. प्रशासनानं त्यांच्यावरच कटाचा गुन्हा दाखल केला. शाळेत जाण्याआधी शिक्षण विभागाच्या अधिकाऱ्याला फोन करून कळवलं होतं, असं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोलिसांनी त्यांना निर्दोष ठरवलं. मधले महिने त्यांनी कसे काढले असतील याचा विचार करा, आणि कुणाला कधी फोन केला याची डायरी आजपासून ठेवा.

पायरी ७ : कापणं आणि नाव देणं

पाच-सहा मिनिटांची बातमी पुष्कळ झाली. पहिल्या वीस सेकंदांत बादली आणि आकडा, मग माणसं, मग कागद, मग अधिकाऱ्याचं म्हणणं. तणावाचं संगीत घालू नका. नळातून येणाऱ्या हवेचा आवाज आहे ना, तो ठेवा. कागद दाखवताना ओळ ठळक करा आणि खाते क्रमांक, मोबाईल, आधार झाका. जुनं दृश्य वापरलंत तर त्यावर तारीख टाका. व्हॉट्सॲपवर कुणी पाठवलेली क्लिप, ती काढणारा माणूस आणि जागा सापडल्याशिवाय वापरायची नाही, मग ती कितीही भारी असो.

शीर्षकात ‘खळबळ’, ‘धक्कादायक’, ‘पर्दाफाश’ हे शब्द नकोत. ‘योजना पूर्ण, नळाला माणशी १३ लिटर : अमुक गावची मोजणी’ हे शीर्षक मला जास्त बोलकं वाटतं, आणि वर्षभरानं कुणी शोधलं तर सापडतंही. वर्णनात चित्रणाची तारीख, जागा आणि कागदांच्या प्रती द्या. चूक झाली तर व्हिडिओ गुपचूप काढू नका. वर्णनात आणि पहिल्या कमेंटमध्ये काय चुकलं आणि बरोबर काय ते लिहा.

मूळ फाइल कधीही पुसू नका, तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश किंमत, म्हणजे त्या फाइलवरून संगणकानं काढलेला तिचा ओळख-आकडा, लिहावी लागते. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीची हॅश मूळ फाइलशी जुळत नाही.

पायरी ८ : चॅनेल सांभाळणं आणि पोट भरणं

यूट्यूबवर फोन नंबर पडताळल्याशिवाय पंधरा मिनिटांपेक्षा लांब व्हिडिओ आणि स्वतःचं थंबनेल टाकता येत नाही, ते पहिल्याच दिवशी उरका. ९० दिवसांत तीन कॉपीराइट स्ट्राइक (दुसऱ्याचं साहित्य वापरल्याच्या तक्रारीवरून यूट्यूबनं केलेली कारवाई) आले तर चॅनेल बंद होऊ शकतं. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी दुसऱ्याचं साहित्य मर्यादित प्रमाणात वापरण्याची मुभा कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे, पण ती न्यायालयात मांडायची बाजू आहे आणि स्ट्राइक त्याआधी येतो. वृत्तसंस्थेची दृश्यं आणि सिनेमातली गाणी यांना हातच लावू नका.

जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज लागतात. तालुक्याच्या बातम्यांवर त्यातून घर चालत नाही, हे घरच्यांना आधीच सांगा. शेतीच्या माहितीचे व्हिडिओ, लग्नांचं चित्रण, दुसऱ्या वाहिन्यांना दृश्यं विकणं, प्रेक्षकांची छोटी मासिक मदत, असं जोडून चालवावं लागतं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती येतील. मी त्या घेत नाही, कारण ज्याच्या शुभेच्छा सोमवारी दाखवल्या त्याच्या टाकीची बातमी मंगळवारी करताना हात अडतो. घेणारच असाल तर पडद्यावर ‘जाहिरात’ लिहा. आणि बातमी न दाखवण्यासाठी कुणी पैसे देऊ केले, तर उठून या. तालुक्यातली पत्रकारिता ज्या खंडणीमुळे बदनाम झाली, तिची सुरुवात असल्याच एका चहापासून होते.

कायदा आणि जीव

यूट्यूब चॅनेल चालवायला परवाना लागत नाही. बाजारात विकली जाणारी ‘प्रेस’ कार्डं निरुपयोगी आहेत आणि उद्यम नोंदणी हे उद्योगाचं प्रमाणपत्र आहे, त्याच्या जोरावर ‘भारत सरकार मान्यताप्राप्त’ असं लिहिणं ही फसवणूक आहे. गाडीवर ‘प्रेस’ लिहू नका.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीसाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, म्हणून ‘चोर’ म्हणू नका, ‘देयक क्रमांक अमुक, रक्कम अमुक, पाइप जागेवर नाही’ असं म्हणा. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे. मुलांच्या बाबतीत पोक्सो आणि बाल न्याय कायदा आणखी कडक आहेत. गावाचं नाव, शाळा, नातेवाइकाचा चेहरा, यांतूनही ओळख फुटते. पोलीस ठाण्यात चित्रण केलं म्हणून शासकीय गुपितं कायदा लावण्याची धमकी मिळते. पोलीस ठाणं त्या कायद्यातल्या ‘प्रतिबंधित ठिकाणा’त मोडत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२२ मध्ये दिला आहे.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे, त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या प्रसारमाध्यम संस्थेत नियमित किंवा कंत्राटी काम करणाऱ्याभोवती फिरते. एकट्यानं चॅनेल चालवणारा तिच्यात सहज बसत नाही. ही व्याख्या बदलायला हवी आणि त्यासाठी आपण सगळ्यांनी मिळून मागणी केली पाहिजे.

तोवर एकटे जाऊ नका. राजापुरात फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रस्तावित रिफायनरीविषयी लिहिणारे शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. छत्तीसगडमध्ये बिजापूरला ‘बस्तर जंक्शन’ हे यूट्यूब चॅनेल चालवणारे मुकेश चंद्राकर १ जानेवारी २०२५ ला बेपत्ता झाले. रस्त्याच्या कामातल्या भ्रष्टाचाराची बातमी त्यांनी केली होती. ३ जानेवारीला एका कंत्राटदाराच्या आवारातल्या सेप्टिक टँकमध्ये त्यांचा मृतदेह सापडला. ते आपल्यासारखेच होते, आपल्याच मुलखातल्या रस्त्याची बातमी करत होते. म्हणून कंत्राटदारांच्या बातमीला जाताना दोघं जा, लाइव्ह लोकेशन घरच्यांना आणि दुसऱ्या गावच्या पत्रकाराला द्या, ‘समजून घ्यायला या’ म्हणून रात्री बोलावलं तर जाऊ नका, आणि कागदांचा संच आधीच दुसऱ्याकडे ठेवा. धमकी आली तर ती लेखी तक्रारीत उतरवून पोच घ्या, ती किरकोळ वाटली तरी.

परत जा

व्हिडिओ टाकल्यापासून तीन महिन्यांनी त्याच गावात जा. तीच बादली, तेच घड्याळ, तीच तीन घरं. अधिकाऱ्यानं ‘पंधरा दिवसांत काम करू’ म्हटलेलं असतं, ती तारीख डायरीत असतेच. वाडीवरच्या शेवटच्या घरी आधी जा. पहिल्या वेळी जिनं बादली धरली होती त्या बाईला सांगा की मोजायला आलोय. ती आतून बादली घेऊन येईल आणि तोटी सोडेल, तेव्हा रेकॉर्डिंग आधीच सुरू असू द्या.